सेकंडहँड स्पोर्ट्स कार: खरेदी जुन्या भावात, सांभाळ नव्या भावात

नवी असताना जिच्याकडे नुसतं वळून बघायचं, अशी स्पोर्ट्स कार दहा-बारा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत विकायला आलेली दिसते. रंग चकचकीत, रनिंग कमी, आणि मालक म्हणतो, ‘काही काम नाही, किल्ली फिरवा आणि निघा.’ मन लगेच हिशोब मांडायला लागतं, आणि तो हिशोब बहुतेक वेळा अर्धाच असतो. गाडीची किंमत पाव झाली म्हणून तिच्या ब्रेक डिस्कची किंमत पाव होत नाही. क्लच, शॉकअप, रेडिएटर, हेडलाइट, सगळ्या सुट्या भागांचे भाव गाडी नवी होती तेव्हाच्या पट्टीतच राहतात. कंपनीने एखादा भाग बनवणं थांबवलं असेल तर ते वाढतातच. म्हणजे गाडी घ्यायची जुन्या भावात आणि सांभाळायची नव्या भावात. कुठली गाडी निवडायची, काय तपासायचं, घेतल्यावर कशी चालवायची, हे सगळे प्रश्न या एका गोष्टीशी बांधलेले आहेत.

आधी किंमत इतकी का पडते ते बघू. पहिल्या काही वर्षांत घसारा सगळ्यात जास्त असतो आणि तो पहिला मालक सोसतो. पुढे घसरण मंदावते आणि एका पातळीवर येऊन थबकते. मोजक्या मॉडेलांची किंमत नंतर वरही जाते, पण ते मॉडेल कोणतं हे आधी ओळखणाऱ्यांपेक्षा मागाहून ‘मला माहीतच होतं’ म्हणणारेच जास्त भेटतात. गुंतवणूक म्हणून स्पोर्ट्स कार घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घसाऱ्याइतकंच मोठं दुसरं कारण म्हणजे मालकांची साखळी. पहिला मालक सगळी कामं वेळेवर, कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये करून घेतो. दुसरा बऱ्यापैकी करतो. तिसऱ्याने गाडी घेतलेलीच असते ती स्वस्त मिळाली म्हणून. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) ‘पुढच्या वर्षी बघू’, टायर दोनच बदलू आणि तेही मिळतील त्या कंपनीचे, ऑइल गळतंय पण थेंब-दोन थेंबच. ही पुढे ढकललेली कामं गाडीबरोबरच विकली जातात. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एक बरीच स्वस्त दिसली, तर मधली रक्कम कुठल्या तरी राहून गेलेल्या कामात दडलेली आहे असं समजूनच पुढे जावं.

गाडीच्या आधी फाइल

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी कागद मागवावेत. सर्व्हिस बुकात शिक्के असतात. पण शिक्का मारला म्हणजे काय केलं ते कळत नाही. खरी किंमत बिलांना आहे. बिलावर तारीख असते, मीटरचा आकडा असतो, कुठला भाग बदलला ते असतं. ती तारखेप्रमाणे लावली की गाडीचं आयुष्य समोर येतं. मीटरचा आकडा कुठे मागे गेलेला दिसतो का? मध्येच दोन-तीन वर्षांची पोकळी आहे का? तीन बिलांत सलग ‘कूलंट टॉप-अप’ असं लिहिलं असेल, तर कूलंट जातंय कुठे, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि टायमिंग बेल्ट यांचं आयुष्य किलोमीटरबरोबरच वर्षांतही मोजतात. ब्रेक फ्लुइड हवेतलं बाष्प शोषून घेतं, त्यामुळे गाडी उभी असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ‘गाडी चालवलीच नाही, मग बदलायचं कशाला?’ असं मालक म्हणाला, की फाइलमध्ये आणखी काय काय राहिलंय ते शोधायला लागा.

कमी रनिंगचा मोह इथेच सोडून द्यावा. पंधरा वर्षांत २०,००० किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे वर्षानुवर्षं बंद ठेवलेलं घर. बाहेरून नीटनेटकं, पण नळ उघडला की एकेक गोष्ट समजायला लागते. रबरी सील वाळतात, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तडकतात, पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात, एकाच जागी उभ्या टायरांना चपटेपणा येतो. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी मी कधीही आधी बघेन, मग तिच्या सीटची कड थोडी झिजलेली का असेना.

मजा कुठून येते

गाडी निवडताना बहुतेकजण हॉर्सपॉवरचा आकडा आधी बघतात. सेकंडहँड बाजारात हीच सवय सर्वात महाग पडते, कारण जास्त ताकद म्हणजे मोठे ब्रेक, रुंद टायर, जास्त कूलिंग आणि या प्रत्येकाचं वेगळं बिल. शिवाय ताकद वापरायला जागा लागते. ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीचा दुसरा गिअर संपेपर्यंत रस्त्यावरची वेगमर्यादा मागे पडलेली असते.

वजनाचं गणित उलटं आहे. हलकी गाडी वळणात शिरताना आळस करत नाही, ब्रेक लवकर लागतो, टायर कमी झिजतात आणि थोड्या ताकदीतही ती पळते. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली तेव्हा तिचं इंजिन १.६ लिटरचं होतं, ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवर आणि वजन हजार किलोच्या आत. कागदावर बघाल तर आजच्या कुठल्याही बऱ्या सेडानपेक्षा कमी. तरीही २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या, कारण चालवणाऱ्याला जे हवं ते तिथे आहे: पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मनगट हलवलं की पडणारा छोटा गिअर लिव्हर आणि पकड सुटण्याआधी भरपूर आगाऊ सूचना देणारी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. लोटसची १९९६ ची एलिस आणखी टोकाची. जोडभाग वेल्ड न करता चिकटवलेली ॲल्युमिनियमची चेसिस, १.८ लिटरचं इंजिन आणि वजन साधारण ७२५ किलो. ११८ हॉर्सपॉवरमध्ये ती जे करते ते तिच्या दुप्पट ताकदीच्या जड गाड्यांना वळणांवर जमत नाही.

पहिलीच स्पोर्ट्स कार असेल तर अशी हलकी, साधी, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेली गाडी घ्यावी. होंडा एस२००० (१९९९ ते २००९), टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड (२०१२ पासून) याही याच पंगतीतल्या. एस२००० चं पहिलं दोन लिटर इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरतं आणि खरी ताकद ६,००० च्या आसपास व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागल्यावरच देते. हे आवडणारे त्या इंजिनाच्या प्रेमात पडतात, आणि ज्यांना खालच्या आरपीएमलाच ओढ हवी असते ते कंटाळून गाडी विकतात. म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा स्वतः चालवून बघण्याला महत्त्व द्यावं.

प्रत्येक मॉडेलचं एक दुखणं असतं

स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन कमाल ताकदीसाठी ताणलेलं असतं, त्यामुळे रचनेतली एखादी कच्ची जागा साध्या गाडीत खपून जाते ती इथे उघडी पडते. त्या कच्च्या जागा आता सगळ्यांना माहीत आहेत, हा जुनी गाडी घेण्यातला मोठा फायदा. नव्या मॉडेलला दहा वर्षांनी काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. दहा वर्षं जुन्या मॉडेलचं सगळं बाहेर आलेलं असतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण पोर्शचं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली बॉक्स्टर आणि ९९६ पिढीची ९११ यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँक त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. या मधल्या शाफ्टचं एक टोक बॉल बेअरिंगवर टेकलेलं असतं. बेअरिंग बंद डबीसारखं, आत ग्रीस भरलेलं आणि दोन्ही बाजूंनी सील केलेलं. अडचण अशी की ते इंजिन ऑइलमध्ये बुडालेलं असतं. वर्षांनी सील कडक होतं, गरम ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आणि आत अडकलेलं ऑइल नंतर बदलतही नाही. गोळ्या कोरड्या घासायला लागतात, मग झिजतात, मग एक दिवस बेअरिंग फुटतं. शाफ्ट हलला की कॅम आणि क्रँक यांचा मेळ तुटतो, पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडा असतो, आणि दोघं धडकतात. एवढ्याशा बेअरिंगपायी अख्खं इंजिन जातं.

सगळ्याच गाड्यांचं असं होत नाही. बहुसंख्य गाड्या बिनतक्रार चालतात. पण घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. बेअरिंग बदललंय का, आणि त्याचं बिल आहे का? क्लच कधी बदलला? कारण हे बेअरिंग फ्लायव्हीलच्या मागे असतं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की तिथे हात पोचतो, आणि शहाणा मालक दोन्ही कामं एकदम करून घेतो. आणि तिसरा, ऑइल फिल्टर कापून बघितला का? कागदाच्या घड्यांत धातूचा चुरा चमकत असेल तर सौदा तिथेच थांबवावा. २००६ ते २००८ च्या इंजिनांत बेअरिंग मोठं आणि टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ते काढता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं आणि त्यात हा शाफ्टच नाही. ९९६ च्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळ्या घराण्याचं इंजिन आहे, त्यांनाही हा त्रास नाही. म्हणजे एकाच नावाच्या, बाहेरून भावंडं वाटणाऱ्या गाड्यांत जोखीम इतकी बदलते.

बाकीच्यांची दुखणी थोडक्यात. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग लवकर झिजतात, आणि मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) ज्या पत्र्याला बोल्ट केलेला असतो तो पत्रा चिरतो. लिफ्टवर चढवून टॉर्च मारल्याशिवाय ती चीर दिसत नाही. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं, तशी रचनाच आहे, म्हणून दर एक-दोन टाक्यांना ऑइल बघावं लागतं. ज्याने बघितलं नाही त्याची गाडी गरम असताना स्टार्ट घ्यायला कुरकुरते, म्हणजे रोटरचे सील गेले. त्याचं कॉम्प्रेशनही नेहमीच्या गेजवर नीट कळत नाही, रोटरीसाठी वेगळं यंत्र लागतं. सुरुवातीच्या एलिसमधल्या रोव्हर इंजिनचं हेड गॅस्केट कुप्रसिद्ध आहे. जुन्या एमएक्स-५ मध्ये छताचं पाणी जाण्याची भोकं सीटच्या मागे तुंबतात आणि दाराखालची पत्र्याची पट्टी, म्हणजे सिल, आतून गंजते. फेरारी एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन गाडीबाहेर काढावं लागतं, आणि बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावेच लागतात, गाडी चालो न चालो. फेरारी ‘परवडतेय’ असं वाटलं तर ते एक वाक्य पुन्हा वाचावं.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर किंवा सायलेन्सरजवळ हात लावा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन लपवतं. सुरू होताना पहिल्या दोन-चार सेकंदांत साखळीचा खडखडाट येतो का ते ऐका. ऑइलचा दाब वाढला की तो विरतो आणि मग ऐकायला मिळत नाही. धूर बघा. थंडीत पांढरी वाफ थोडा वेळ येणं साहजिक आहे, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

इंजिन गरम होईपर्यंत बॉडी बघून घ्या. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा असतो. एखाद्या पॅनेलवर आकडा ३०० गेला तर पुन्हा रंगवलंय, आणि हजाराच्या घरात गेला तर खाली पुटी भरलेली आहे. ॲल्युमिनियमच्या बॉडीसाठी ते मीटर चालतं का हे मात्र आधी बघा, साधं मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. एखादा बंपर किंवा दार रंगवलेलं असणं गुन्हा नाही. स्पोर्ट्स कार पुढून जमिनीला इतकी लागून असते की खडे उडून रंग जातोच. पण छत, खांब आणि डिकीचा तळ रंगवलेला असेल तर ती गाडी मोठ्या अपघातातून आली आहे.

टायर फार बोलके असतात. बाजूवर डीओटी अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. खाच भरपूर आहे पण टायर आठ वर्षांचा आहे, तर तो रबराच्या वेशातलं लाकूड आहे, बदलायचा खर्च धरूनच भाव करा. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का, आतली कड जास्त झिजली आहे का, तेही बघा. आतून झिज म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय किंवा बुश गेलेत. चांगल्या गाडीला चार वेगवेगळ्या स्वस्त कंपन्यांचे टायर घालणारा मालक ऑइल कुठलं घालत असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो. गाडीला कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर नुसती जाडी मोजून भागत नाही. त्या जळून हलक्या होतात, म्हणून काढून वजन करावं लागतं. काही कंपन्या किमान वजन डिस्कवरच छापतात. त्या बदलायचा खर्च ऐकून अनेकजण साध्या लोखंडी डिस्कवर आले आहेत.

आता गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावायचा. एररचा कोड नाही म्हणून खूश होऊ नका. कोड पुसता येतो. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या ‘अपूर्ण’ दाखवायला लागतात आणि काही दिवस वेगवेगळ्या प्रकारे गाडी चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. सगळ्या तपासण्या अपूर्ण आणि मालक म्हणतो ‘बॅटरी कालच बदलली’, तर हसून आठवडाभराने पुन्हा यायचं सांगावं.

पोर्शसारख्या काही गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, यापेक्षा खूप जास्त सांगतो. मॅन्युअल गाडी जोरात चालवताना तिसऱ्यातून चौथा टाकायच्या ऐवजी हात चुकून दुसऱ्यात गेला, तर चाकं इंजिनला जबरदस्तीने फिरवतात. आरपीएम मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर इथे काहीच करू शकत नाही, तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. चाकांचा जोर त्याच्या हातात नसतो. ७,००० ची मर्यादा असलेलं इंजिन त्या क्षणी ९,००० वर जाऊ शकतं. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रॉडचे बोल्ट, सगळ्यांवर ताण येतो, आणि नुकसान कधी कधी महिन्यांनी दिसतं. ईसीयूत याची नोंद राहते: कुठल्या आरपीएम-पट्ट्यात किती वेळा ठिणगी पडली आणि तेव्हा इंजिनचे किती तास झाले होते. वरच्या पट्ट्यात नोंद असेल, पण त्यानंतर गाडी शेकडो तास नीट चालली असेल, तर घाबरायचं कारण कमी. नोंद गेल्या दहा-वीस तासांतली असेल तर गाडी विकायला का काढली ते कळलं. याच तासांवरून मीटरही पडताळता येतो. मीटरवर ४०,००० किलोमीटर आणि इंजिनचे ३,००० तास म्हणजे सरासरी वेग ताशी १३ किलोमीटर. ती गाडी सबंध आयुष्य कोंडीत तरी अडकली होती, किंवा मीटर मागे फिरवलाय.

चालवताना पाच गोष्टी बघा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढले पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. थंड असताना दुसरा गिअर किरकिर करत पडला तर सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) गेलाय. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबला आणि गाडी एका बाजूला ओढली किंवा स्टिअरिंग थरथरलं, तर ब्रेक नाहीतर सस्पेन्शनचं काम आहे. उताराला ॲक्सिलरेटर सोडून इंजिनवर गाडी येऊ द्या आणि मग पुन्हा दाबा. आरशात निळा धूर दिसला तर व्हॉल्व्हचे सील गेले. पाचवी गोष्ट, रेडिओ बंद ठेवा. मालक नेमका तेव्हाच साउंड सिस्टिमचं कौतुक सांगायला लागतो, का कुणास ठाऊक.

यातलं सगळं स्वतः करता आलं तरी शेवटी गाडी त्याच मॉडेलवर रोज काम करणाऱ्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवावी, आणि तो मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीतला नसावा. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडर किती दाब तयार करतो ते कळतं; लीक-डाउनमध्ये बाहेरून हवा भरून ती कुठून निसटते ते कळतं. ऑइल भरायच्या झाकणातून हवा आली तर पिस्टन रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. मालक तपासणीला नाही म्हणाला तर वाद घालू नये. नमस्कार करावा आणि निघावं.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांबद्दल माझं मन जरा कोतं आहे. चांगले शॉकअप, चांगले ब्रेक पॅड, ठीक. पण टर्बोचा दाब वाढवलेली, ईसीयू रीमॅप केलेली (जास्त ताकदीसाठी त्याचा प्रोग्रॅम बदललेली) गाडी म्हणजे दुसऱ्याने ताणून बघितलेलं इंजिन. मूळ भाग डब्यात जपून ठेवलेले असतील आणि कामाची बिलं असतील तर विचार करावा. नाहीतर जशीच्या तशी, कंपनीतून आली तशी गाडी शोधावी. ती विकतानाही सोपी जाते.

घेतल्यावर

गाडीवर सगळे पैसे संपवू नयेत. खरेदीच्या किमान पाचवा हिस्सा बाजूला ठेवायला मी सांगतो, जुन्या इटालियन गाडीला त्याहून बराच जास्त. जे बजेटमध्ये बसत नाही त्या मॉडेलची खराब गाडी घेण्यापेक्षा एक पायरी खालच्या मॉडेलची उत्तम गाडी घ्यावी. विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी मिळत असेल तर ती बघावी, कारण नेहमीच्या पॉलिसीत घसारा लावून हाती येणारी रक्कम तशीच दुसरी गाडी घ्यायला पुरत नाही.

घरी आल्यावर सगळे द्रव बदलून टाका: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड. आधीच्या मालकाने कालच बदललं म्हटलं तरी. आपला हिशोब शून्यापासून सुरू होतो. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच घाला. ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० लागतं, तिथे दुकानदाराने दिलेलं पातळ ऑइल चालत नाही.

मग चालवा, आणि नियमित चालवा. गाडी सुरू करून उभ्या उभ्या रेस करून गरम करायची गरज नाही. हळू चालवत गरम करा. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तयार झालं असं होत नाही. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ घेतं. ऑइलच्या तापमानाचा काटा असेल तर ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वरचे आरपीएम वापरू नका. तो नसेल तर कूलंटचा काटा स्थिरावल्यावर आणखी दहा मिनिटं संयम ठेवा. एकदा तापलं की मात्र भीड ठेवू नका. लाल रेघेपर्यंत अधूनमधून जाणं त्या इंजिनाच्या रचनेतच आहे.

मजा वेगात शोधली तर लवकर दंड आणि अपघात दोन्ही गाठतात. ती हातापायांच्या मेळात आहे. वळणाआधी ब्रेक दाबताना उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरून कडेने ॲक्सिलरेटरला हलका टोला द्यायचा, म्हणजे खालचा गिअर पडताना इंजिनचे आरपीएम चाकांच्या वेगाशी जुळतात आणि क्लच सोडल्यावर गाडी हिसका देत नाही. सुरुवातीला हे हास्यास्पद वाटतं, ब्रेक जास्त दाबला जातो. मग एका संध्याकाळी ते जमतं, आणि त्यानंतर ताशी ५० किलोमीटरलाही गाडी चालवण्यात रस येतो. जड गाडीत हेच करताना तसं काही जाणवत नाही.

वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडू नका. सोडला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी बाहेर येते. इंजिन मागे असलेल्या ९११ मध्ये हा स्वभाव जास्त तीव्र असतो, कारण शेपटीतच सगळं वजन आहे. वेग आधी कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा, बाहेर पडताना हळूहळू दाबा. स्टॅबिलिटी कंट्रोल रस्त्यावर बंद करायचं काहीच कारण नाही.

गाडीची खरी हद्द बघायची असेल तर रेस ट्रॅकवर जावं. बऱ्याच ट्रॅकवर सामान्य गाड्यांसाठी दिवस राखून ठेवतात, सोबत शिकवणारेही असतात. शिकवणाऱ्याला दिलेले पैसे सायलेन्सरवर घातलेल्या पैशांपेक्षा जास्त वेग देतात. मात्र तिथे विमा बहुतेक वेळा लागू नसतो, ते आधी वाचून घ्या. आणि ब्रेकचा विचार आधी करा. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबायचं तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा पचवावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. नव्या डीओटी ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. पाणी उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. म्हणून ट्रॅकच्या आधी ताजं फ्लुइड आणि पॅडची जाडी, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय घरातून निघू नये.

चार-पाच लॅप झाल्या की एक लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता हळू मारा, म्हणजे डिस्क आणि टर्बो असेल तर तोही निवतो. पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड नाहीतर अटकण लावा. गाडी थंड झाल्यावर टायरचं प्रेशर मोजा आणि टॉर्क रेंचने चाकांचे नट तपासा, मगच घरी निघा.